मुलाच्या ताब्याचा दावा: पुरावा कसा उभा राहतो, तज्ज्ञाचा अहवाल कुठे डळमळतो

नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात ताब्याची आणि भेटीची प्रकरणं चालवताना एक गोष्ट प्रत्येक पक्षकाराला नव्याने सांगावी लागते. पहिल्या भेटीत टेबलावर येणारे बहुतेक कागद जोडीदाराविरुद्ध असतात: शिवीगाळीचे संदेश, सासूच्या फोनचं रेकॉर्डिंग, कुठल्याशा हॉटेलचं बिल. मुलाबद्दलचा कागद त्यात शोधूनच काढावा लागतो. न्यायाधीशांना मात्र उत्तर द्यायचं असतं ते मुलाबद्दलच्या प्रश्नाचं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम १३ मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. पालक व पाल्य अधिनियम, १८९० चं कलम १७ मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाचं चारित्र्य आणि क्षमता बघायला सांगतं, आणि मूल समजून सांगण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंतीही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, पण त्यालाही अपवाद सिद्ध करता येतो. नवरा-बायको म्हणून कोण चुकलं, हा घटस्फोटाच्या अर्जाचा विषय आहे. 'डी' क्रमांकाने नोंदलेल्या ताब्याच्या अर्जात तो जेमतेम चार परिच्छेदांत बसतो.

म्हणून मी पक्षकाराला आधी मुलाचा एक शाळेचा दिवस तासातासाने लिहून आणायला सांगते. सव्वासहाला कोण उठवतं, डबा कोण भरतं, सात दहाच्या व्हॅनपर्यंत कोण सोडतं, पाऊण वाजता घरी आल्यावर दार कोण उघडतं, ताप आला तर सुट्टी कोण टाकतं. प्रत्येक ओळीपुढे दुसरा रकाना: हे कोण सांगेल किंवा कुठला कागद दाखवेल? दुसऱ्या रकान्यात रिकाम्या राहिलेल्या ओळी हीच पुढच्या दोन महिन्यांच्या कामाची यादी. सातपूर-अंबडच्या कारखान्यात किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पाळीने काम करणाऱ्या पालकाचं शिफ्टचं वेळापत्रक इथे फार मोलाचं ठरतं. रात्रपाळीच्या आठवड्यात मूल कोणाजवळ झोपतं, याचं उत्तर आधीच शपथपत्रात असेल तर उलटतपासणीत त्या प्रश्नाची धार जाते. उत्तर 'आजी' असेल तर आजीचं वय, तब्येत आणि ती निफाडला राहते की याच घरात, हेही लिहायचं. लपवलेली गोष्ट समोरचा वकील काढतोच.

हद्द सगळ्यांत आधी तपासायची. पालकत्वाचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात चालतो, पालक व पाल्य अधिनियमाचं कलम ९. शहराबाहेरच्या तालुक्यातलं मूल असेल तर कौटुंबिक न्यायालयाची हद्द तिथवर पोहोचते का, हे पाहूनच अर्ज टाकावा. नाहीतर हद्दीच्या वादातच तारखा जातात, आणि तोवर मूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच रुळतं.

या रुळण्यामुळेच नि. ५ चा (निशाणी ५ चा) अर्ज, म्हणजे अंतरिम ताबा किंवा भेटीचा अर्ज, इतका महत्त्वाचा आहे. त्यावर बहुतेक वेळा साक्षीपुरावा होत नाही. शपथपत्रं, कागद आणि युक्तिवाद यांवरच आदेश होतो. अंतिम सुनावणीला वेळ लागतो, आणि दरम्यान बसलेली घडी मोडायला न्यायालय नाखूश असतं, ते बरोबरही आहे. चांगले कागद 'पुराव्याच्या टप्प्याला लावू' म्हणून मागे ठेवणं हा सर्वांत महाग पडणारा निर्णय. शाळेचा दाखला, लसीकरण कार्ड, डॉक्टरांचे केसपेपर, फीच्या पावत्या, घराचा पुरावा आणि मुलाचा दिनक्रम हे सगळं नि. ५ सोबत, दस्तऐवज यादीसह, पानांवर क्रमांक घालून गेलं पाहिजे. अंतरिम आदेशावर कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ खाली अपील नाही. नाराज पक्षाला रिट घेऊन मुंबईला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथेही खाली दाखल केलेलेच कागद बघितले जातात.

आता कागद सिद्ध करण्याचं. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ चं कलम १४ न्यायालयाला मोठी मोकळीक देतं: वाद नीट सोडवायला मदत होईल असा अहवाल, निवेदन, दस्तऐवज साक्ष कायद्याच्या चौकटीत बसत नसला तरी न्यायालय तो घेऊ शकतं. बरेच जण हे वाचून निर्धास्त होतात. कागद आत येणं आणि त्या कागदाला वजन मिळणं यांत फार अंतर आहे. शाळेच्या लेटरहेडवर 'आई नियमित पालकसभेला येते' असं एका ओळीचं पत्र आणलं आणि कोणी साक्षीला आलं नाही, तर समोरचा वकील एवढंच म्हणतो की हे मागून घेतलेलं पत्र आहे. त्यापेक्षा शाळेला साक्षीसमन्स काढून हजेरीपट, पालकसभेचं सही-रजिस्टर आणि मुलाला न्यायला येणाऱ्या अधिकृत व्यक्तींची यादी मागवावी. मुख्याध्यापकच यायला हवेत असं नाही. रेकॉर्ड सांभाळणारा लिपिक मूळ रजिस्टर घेऊन आला तरी पुरतं. रजिस्टरमधल्या तीन वर्षांच्या सह्या कुणाच्याही कौतुकाच्या पत्रापेक्षा जड असतात, कारण त्या केल्या तेव्हा दावा नव्हता.

न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवले की तिथून पंधरा दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची असते. उशीर झाल्यास कारण दाखवून परवानगी मागावी लागते. समन्ससोबत साक्षीदाराचा भत्ता भरायचा. तो न भरल्यामुळे समन्स निघालंच नाही आणि तारीख वाया गेली, हे नेहमी घडतं. बँकेचा उतारा असेल तर बँकर्स बुक्स पुरावा अधिनियम, १८९१ प्रमाणे बँकेचं प्रमाणपत्र घ्यावं, नुसती मोबाइल ॲपमधली पीडीएफ देऊ नये. नातेवाईक साक्षीदार दोनच ठेवा. सात जणांनी एकसारखं शपथपत्र दिलं की एकाच्या उलटतपासणीत निघालेली विसंगती सातही जणांना लागू होते. शेजारीण, व्हॅनचे काका, शिकवणीच्या बाई यांतला एक तटस्थ माणूस तीन मामांपेक्षा उपयोगी.

व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटवर सगळ्यांचा भरवसा, आणि घोळही तिथेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधला मजकूर जराही बदलला की बदलणारा तिचा ओळख-आकडा. त्या तारखेआधीपासून चालू असलेल्या प्रकरणांत जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ब खालचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र अत्यावश्यक आहे, आणि मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या वेळी हजर केलं तर ते लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केलं. ते प्रकरण आपल्या जालन्याच्या निवडणुकीतलं.

आमच्याकडे हे काम असं होतं. फोन पक्षकाराच्या हातातच ठेवून पूर्ण संभाषण एक्सपोर्ट करायचं, निवडक नाही. मीडियासकट एक्सपोर्टला संदेशांची मर्यादा असते आणि जुने संदेश वगळले जातात, म्हणून फाइलचा पहिला दिनांक लगेच तपासायचा. गरज पडली तर मीडियाशिवाय वेगळी प्रत काढायची. गायब होणाऱ्या संदेशांची सोय चालू असेल तर आधी बंद करायची. फाइल संगणकावर घेतली की तिच्यावर काहीही करण्याआधी, नाव बदलण्याआधीसुद्धा, शा-२५६ हॅश काढायचा. विंडोजवर 'सर्टयुटिल' या आदेशाने तो मिनिटात निघतो. चौसष्ट अक्षरांचा तो आकडा हाताने उतरवू नये, चिकटवावा. एक अक्षर चुकलं तर समोरच्याला प्रमाणपत्रावर बोट ठेवायला जागा मिळते. मग पेन ड्राइव्हच्या दोन प्रती, एक न्यायालयाला, एक समोरच्या पक्षाला, आणि छापील प्रतीवर दिनांक, वेळ, पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल अशी मांडणी. फोटो व्हॉट्सॲपवरून फिरला की लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते, त्यामुळे मूळ फोटो गॅलरीतूनच घ्यायचा. आणि तो फोन विकायचा नाही, एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही, निकाल लागेपर्यंत रीसेटही करायचा नाही. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही आठवड्यांतच पुसलं जातं. ते हवं असेल तर सचिवांना त्याच दिवशी लेखी पत्र द्यावं आणि जपून ठेवण्याच्या आदेशासाठी अर्ज करावा.

जोडीदाराचं लपून केलेलं रेकॉर्डिंग चालतं का, हा प्रश्न रोज येतो. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात म्हटलं की पती-पत्नींमधल्याच खटल्यात असं संभाषण पुराव्यात घेता येतं, साक्ष कायद्यातलं वैवाहिक गोपनीयतेचं संरक्षण त्याच्या आड येत नाही. आवाज ओळखता आला पाहिजे, रेकॉर्डिंगमध्ये छेडछाड नसावी, आणि ते मुद्द्याशी संबंधित असावं, या अटी जुन्याच आहेत. कापून जोडलेली दीड मिनिटाची क्लिप देऊ नका. पूर्ण फाइल द्या आणि शपथपत्रात कुठल्या मिनिटाला काय आहे ते लिहा.

मुलाचा व्हिडिओ मात्र करूच नका. 'सांग, तुला कुणाकडे राहायचंय?' असं विचारून घेतलेला व्हिडिओ न्यायाधीश पाहतात तेव्हा त्यांना मुलाचं उत्तर कमी आणि कॅमेऱ्यामागचा आवाज जास्त ऐकू येतो. असा पुरावा दाखल करणाऱ्याचंच नुकसान होताना मी वारंवार पाहिलंय, आणि त्याहून मोठं नुकसान त्या पोराचं असतं. मुलाचं म्हणणं ऐकायचा मार्ग आहे: न्यायाधीश चेंबरमध्ये मुलाशी एकटं बोलतात. वकील नसतात, आई-बाबा बाहेर असतात. त्या दिवशी मुलाला पोटभर खाऊ घालून, त्याच्या वेळेला, शक्यतो परीक्षा नसताना आणावं. आदल्या रात्री पढवू नये. सात वर्षांच्या मुलाने 'माझं सर्वांगीण कल्याण' असं म्हटलं तर ते कुणाचे शब्द, हे लपत नाही.

विवाह समुपदेशकांकडे पाठवलं की अनेक पक्षकार तिथे पुरावा मांडायला बसतात. तिथलं बोलणं गोपनीय आहे, ते साक्षीत येत नाही आणि समुपदेशकांना त्याबद्दल साक्षीला बोलावता येत नाही. पण महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे न्यायालय सांगेल तेव्हा समुपदेशक घरचं वातावरण, मुलाशी असलेलं नातं, उत्पन्न, राहणीमान यांवर अहवाल देऊ शकतात, आणि त्याला न्यायालयात मान असतो. गृहभेट होणार असेल तर घर रंगवायला काढू नका. मुलाची झोपायची जागा, अभ्यासाची जागा, औषधं कुठे ठेवता, आणि घरात कोण कोण राहतं, हे खरं खरं दिसू द्या.

आता तज्ज्ञ. दोन प्रकारचे लोक 'तज्ज्ञ' म्हणून येतात आणि त्यांची गल्लत हेच बऱ्याच अहवालांच्या पडण्याचं कारण. एक, मुलावर उपचार करणारे: बालरोगतज्ज्ञ, शाळेच्या समुपदेशक, थेरपी देणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी काय पाहिलं, मूल कोणी आणलं, कुठल्या तारखेला काय तक्रार होती, एवढं ते सांगू शकतात आणि तेवढंच त्यांच्याकडून घ्यावं. दोन, मूल्यमापन करणारे, ज्यांनी दोन्ही पालकांना पाहून मत द्यायचं असतं. उपचार करणाऱ्या बाईंकडून 'ताबा आईकडे असावा' असं लिहून घेतलं की त्यांची उपयोगी साक्षही संशयात जाते, आणि मुलाची थेरपी बंद पडते ती वेगळीच.

उलटतपासणीत काय होतं ते बघा. 'तुम्ही वडिलांना किती वेळा भेटलात?' 'भेटले नाही.' 'त्यांना फोन, पत्र, ईमेल?' 'नाही.' 'पान दोनवर वडील तापट असल्याचं लिहिलंय, ते कशावरून?' 'आईने सांगितलं.' 'सत्राच्या वेळी आई खोलीत होती?' 'पहिल्या सत्रात होती.' 'एकूण सत्रं?' 'दोन.' इथे अहवाल संपतो. त्यात आईचंच निवेदन वेगळ्या लेटरहेडवर उतरलेलं असतं. तीच बाई 'मुलाने अमुक तारखेला असं चित्र काढलं, असं बोललं, त्याला झोप लागत नव्हती' एवढ्यावर थांबली असती तर साक्ष टिकली असती.

म्हणून एकतर्फी तज्ज्ञ आणण्यापेक्षा कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १२ खाली न्यायालयाकडूनच तज्ज्ञ नेमून घ्यावा. त्या अर्जात प्रश्न ठरवून द्यावेत, कारण प्रश्न सैल तर अहवाल सैल. मुलाचं प्रत्येक पालकाशी नातं वेगवेगळ्या बैठकींत पाहून कसं दिसतं? भेटीला नकार कधीपासून आहे आणि तो कुठल्या घटनेशी जोडलेला आहे? झोप, अभ्यास, भीती यांत काय बदल झाला? भेटी टप्प्याटप्प्याने कशा वाढवता येतील, आणि कुठल्या टप्प्यावर थांबून पुन्हा बघावं? ताबा कोणाला, हा प्रश्न तज्ज्ञाला विचारू नये, तो न्यायालयाचा आहे. सोबत फी कोण किती भरणार, कुठले कागद तज्ज्ञाला द्यायचे, आणि ते दोन्ही पक्षांनी एकाच वेळी द्यायचे, हेही आदेशात मागून घ्यावं. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवल्यास खर्च वाचतो, पण बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत मुलाला किती वेळ मिळेल याचा विचार करून सत्रांची किमान संख्या आदेशातच लिहून घेणं बरं.

पात्रता आधी तपासा. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे. समुपदेशनाचं अल्पमुदतीचं प्रमाणपत्र आणि क्लिनिकल पात्रता एक नाही. चाचण्यांबद्दलही तसंच. बिने-कामत किंवा मॅलिनची चाचणी बुद्धिगुणांक सांगते, पालकाशी असलेली जवळीक नाही. घर-झाड-माणूस काढायला लावणारी चाचणी बोलतं करायला चांगली, पण एका चित्रातल्या काळ्या खिडकीवरून बापाबद्दल निष्कर्ष काढला तर तो प्रश्नांपुढे उभा राहत नाही. चाचणी कुठल्या भाषेत घेतली, हेही विचारा. घरी अहिराणी किंवा मराठी बोलणाऱ्या मुलाची मुलाखत इंग्रजीत झाली असेल तर त्याच्या तुटक उत्तरांचा अर्थ बदलतो. साक्षीच्या समन्समध्ये मूळ नोंदी, चाचणीच्या उत्तरपत्रिका आणि भेटीच्या तारखांची वही घेऊन येण्याचा स्पष्ट उल्लेख हवा. टाइप केलेला अहवाल आणि हाताने लिहिलेल्या नोंदी यांतला फरक बऱ्याचदा सगळं सांगून जातो. तज्ज्ञ बाहेरगावचे असतील तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्षीची परवानगी मागता येते.

समोरच्याच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या चोरून आणून 'ही वेडी आहे' म्हणणं ताबडतोब थांबवा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चं कलम २३ उपचाराची माहिती गोपनीय ठेवतं. कलम १०५ प्रमाणे न्यायालयात मानसिक आजाराचा पुरावा आला आणि त्याला आव्हान दिलं गेलं, तर तो तपासणीसाठी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवावा लागतो. नैराश्यावर नियमित उपचार घेऊन मुलाचा डबा रोज वेळेवर भरणाऱ्या आईपेक्षा उपचार टाळणारा पालक जास्त काळजीचा. आजाराच्या नावाने प्रश्न सुटत नाही. त्याचा मुलाच्या रोजच्या सांभाळावर काय परिणाम होतो ते दाखवावं लागतं.

'मुलाचे कान भरले' हा आरोपही असाच. २०१७ च्या विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पालकाविरुद्ध मन कलुषित करण्याच्या परिणामांची दखल घेतली. २०२४ मध्ये कर्नल रमनीश पाल सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं की ठोस प्रसंग दाखवल्याशिवाय असा शिक्का मारू नये. म्हणून भेटीची नोंद ठेवा, त्याच दिवशी, चार रकान्यांत: आदेशातली वेळ, प्रत्यक्ष वेळ, मुलाने काय केलं, कुठला संदेश झाला. 'शनिवार, ४ ऐवजी ४.४० ला मूल मिळालं. ४.०५ ला संदेश: द्वारका चौकात अडकलोय. मूल पहिली दहा मिनिटं गप्प, नंतर पतंग उडवला.' अशी नोंद विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात समोरच्याचं खरं कारणही आहे. प्रत्येक ओळीत 'मुद्दाम' असं लिहिलेली वही कोणी वाचत नाही.

मुलावर लैंगिक अत्याचाराचा खरा संशय असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८. मुलाला घरात पुन्हा पुन्हा विचारत बसू नका. त्याचा पहिला जबाब प्रशिक्षित माणसासमोर होऊ द्या. वारंवार विचारल्याने मुलाला त्रास होतो आणि खरी तक्रारही कमकुवत होते.

सरतपासणीचं, म्हणजे स्वतःच्या मूळ साक्षीचं, शपथपत्र अर्जाची नक्कल नसावं. स्वतः पाहिलेलं, तारखेसह, आणि प्रत्येक परिच्छेदाशेवटी कागदाचा क्रमांक. युक्तिवाद त्यात नको. साक्षीच्या दिवशी रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) कुठल्या कागदाला पुराव्याची निशाणी पडली आणि कुठला नुसता आर्टिकल, म्हणजे सिद्ध न झालेला, राहिला, ते संध्याकाळीच तपासावं. राहिलेल्या कागदासाठी साक्षीदार संपण्याआधी अर्ज करता येतो, नंतर धावपळ होते. उलटतपासणीत समोरच्या पालकाचं एखादं चांगलं काम विचारलं तर 'हो' म्हणा. 'त्याने कधीच काही केलं नाही' या उत्तरापुढे लसीकरण कार्डावरची त्याची सही ठेवली की बाकीची साक्षही हलते.

निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात टाका आणि एक प्रत शाळेत द्या. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलल्यास बदलून मागता येतो, पण तेव्हा न्यायालय आदेशानंतरचं काय ते विचारतं. त्यामुळे भेटीची वही, शाळेचे कागद आणि दवाखान्याच्या नोंदी आदेशाच्या तारखेपासून नव्या फाइलमध्ये लावायला सुरुवात करा, आणि हजर केलेला मूळ फोन किंवा मूळ कागद परत हवे असतील तर अपिलाची मुदत संपल्यावर त्यासाठी वेगळा अर्ज द्या.